नाशिकच्या जुन्या नाट्यगृहाची नोंद कशी करावी

नाशिकमध्ये विजयानंद थिएटरचे नाव निघाले की बोलणे एकाच रात्रीवर येऊन थांबते. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता, शारदेच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि मुंबईला बदली झालेले जिल्हाधिकारी जॅक्सन हे त्या प्रयोगाचे पाहुणे होते. तेथेच अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या आणि पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनाही एवढी हकीकत ठाऊक असते. मात्र ज्या नाट्यगृहात हे घडले त्याचा रंगमंच किती खोल होता, छत कशाचे होते, स्त्रिया कोठे बसत आणि ध्वनिवर्धक नसताना शारदेचे पद शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचत असे, हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही.

एका रात्रीने एखाद्या वास्तूचा बाकीचा सारा इतिहास झाकून टाकावा, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात विरळा. हा झाकलेला भाग उघडायचा कसा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. स्थापत्याचे विद्यार्थी, स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक आणि नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते यांना तो उपयोगी पडावा. उदाहरण म्हणून विजयानंद डोळ्यांसमोर ठेवले आहे. पद्धत मात्र कोणत्याही गावच्या जुन्या नाट्यगृहाला लागू पडेल.

प्रसंग, नाव आणि भिंती

पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: प्रसंग, नाव आणि इमारत. या तिन्ही एकत्र जन्मतात आणि एकत्र नाहीशा होतात, असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात नाव टिकते आणि त्याखालची इमारत पाडून नवी बांधली जाते. इमारत टिकते आणि मालक बदलताच तिचे नाव बदलते. कधी धंदा तेवढा शेजारच्या जागेत जातो आणि जुनी पाटी बरोबर नेतो. विजयानंदचे नाव पुढे चित्रपटगृहाला लागले. म्हणून १९०९ सालचे नाट्यगृह आणि चित्रपटगृह म्हणून लोकांच्या आठवणीत असलेली वास्तू यांच्या भिंती एकच आहेत, असे आपोआप ठरत नाही. ते दाखवून द्यावे लागते, आणि तोपर्यंत ‘याच सभागृहात’ हे शब्द लेखात येऊ देऊ नयेत. घटनास्थळाला हात लावल्याचे समाधान मोठे असते, आणि त्या समाधानापोटीच आजवर अनेक चुकीची वाक्ये छापली गेली आहेत, असे माझे मत आहे.

यासाठी एक साधा तक्ता आखावा. त्यात वर्ष, त्या वर्षीचे नाव, जमिनीचा मालक, चालक किंवा भाडेकरू, वापर आणि इमारतीतील बदल असे रकाने असावेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या आधारावर केली ते लिहावे. मालक आणि चालक यांचे रकाने वेगळे ठेवण्याला कारण आहे. जुन्या काळी नाट्यगृह एकाचे, ते चालवायला घेणारा कंत्राटदार दुसरा आणि त्यात उतरणारी नाटक कंपनी तिसरी, अशी विभागणी सर्रास असे. लोकांच्या तोंडी तिघांपैकी ज्याचे नाव राहिले तोच पुढे ‘मालक’ ठरतो.

तारखांबाबतही एक दक्षता घ्यावी. जुन्या जाहिरातींत आणि दस्तांत शकाचे वर्ष व तिथी आढळते. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे डिसेंबर १९०९ म्हणजे शके १८३१. वार दिला असल्यास तोही पडताळून पाहावा. २१ डिसेंबर १९०९ हा मंगळवार होता. तारीख आणि वार जुळत नसतील तर त्या आधाराकडे संशयानेच पाहावे.

कागदांपूर्वी इमारत

बहुतेक अभ्यासक आधी वाचनालयात जातात आणि मग इमारत पाहायला निघतात. मी उलट क्रम सुचवीन. कागद वाचून गेलेल्या माणसाला इमारतीत कागदच दिसतात. कोऱ्या मनाने पाहिले तर भिंती स्वतःहून प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न घेऊन कागदांकडे गेल्यास शोध नेमका होतो.

दर्शनी भागावर मात्र फार वेळ घालवू नये. थिएटरचा दर्शनी भाग म्हणजे त्याची जाहिरात, आणि जाहिरात दर पिढीला बदलते. सिमेंटचे गोलाकार छज्जे, उभ्या पट्ट्या आणि गिलाव्यात उठवलेली नावाची अक्षरे दिसली, तर ती बहुधा १९३० नंतरच्या चित्रपटगृहांच्या फॅशनची समजावीत. त्यामागची भिंत कितीतरी जुनी असू शकते. जुन्या नाशकातील बोळांत शिरून बाजूची आणि मागची भिंत पाहावी, कारण तेथे कोणीही शोभेसाठी खर्च केलेला नसतो. जोते काळ्या पाषाणाचे आहे का, विटा वाड्यांतल्यासारख्या पातळ व रुंद आहेत की अलीकडच्या मापाच्या, दरजा चुन्याच्या आहेत की सिमेंटच्या, बुजवलेल्या दारांच्या कमानी गिलाव्याखालून डोकावतात का, हे टिपावे. भारतात पोर्टलंड सिमेंटचे टिकाऊ उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यापासून सुरू झाले. त्याआधी आयात सिमेंट मिळत असे, पण गावातील साध्या भिंतीसाठी चुनाच वापरला जाई. म्हणून जेथे चुना संपून सिमेंट सुरू होते, तेथे बहुधा दुसऱ्या काळातील काम सुरू झालेले असते.

नदीकाठच्या वस्तीत आणखी एक खूण सापडू शकते. गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या पुराची उंची नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, आणि १९६९ च्या महापुराच्या आठवणी गंगाघाट, सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत अजून निघतात. पाणी शिरलेल्या इमारतीत ठरावीक उंचीखालचा गिलावा पुन्हा केलेला असतो, लाकडी जमीन काढून फरशी बसवलेली असते, खालची खुर्च्यांची रांग वरच्या रांगेपेक्षा नवी असते. ही दुरुस्ती लक्षात आली नाही, तर १९६९ नंतरच्या कामाला माणूस मूळ काम समजून बसतो.

आता छताकडे पाहावे, कारण नाट्यगृहात सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो. वाड्याचे बांधकाम खणांवर चालते. दोन खांबांमधले अंतर लाकडी तुळईला पेलेल एवढेच राहते, आणि मोठा दिवाणखाना हवा असेल तर मध्ये खांबांची रांग येतेच. सरकारवाडा किंवा जुन्या नाशकातील कोणताही धड उभा असलेला वाडा पाहिला की हे ध्यानात येते. नाट्यगृहाला मधला खांब परवडत नाही, कारण त्याच्या मागे बसलेला प्रेक्षक पैसे परत मागतो. त्यामुळे वाड्याच्या कारागिरीत वाढलेल्या सुतारांना आणि गवंड्यांना येथे कैचीचा आधार घ्यावा लागला: दोन्ही भिंतींवर टेकणारी, मधला भाग मोकळा ठेवणारी सागवानी किंवा लोखंडी कैची, आणि तिच्यावर मंगलोरी कौले किंवा पन्हाळी पत्रे. पोटमाळ्यात जाता आले तर बॅटरीच्या उजेडात कैचीचे सांधे पाहावेत. लाकडी खुंट्या, लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट, रिव्हेट आणि वेल्डिंग हे सांधण्याचे प्रकार बांधकामाचा किंवा दुरुस्तीचा काळ सुचवतात. वेल्डिंग दिसल्यास ते काम तुलनेने अलीकडचे मानायला हरकत नाही. लोखंडी तुळयांवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. इंग्लंडमधील डॉर्मन लाँगचे नाव आपल्याकडच्या अनेक जुन्या इमारतींत आढळते आणि टाटांचे नाव असेल तर तुळई साकचीच्या म्हणजे जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागल्यानंतरची ठरते. कौलांच्या पाठीवरही कारखान्याचा शिक्का असतो. मात्र फुटलेली कौले दर पावसाळ्यापूर्वी बदलली जात असल्यामुळे एका कौलावरून इमारतीचे वय काढू नये. दहा-वीस कौले पाहून त्यांतला सर्वांत जुना शिक्का कोणता ते नोंदवावे.

रंगमंच वाचण्याची रीत याहून वेगळी आहे. इमारत नाटकासाठी बांधली होती की चित्रपटासाठी, हे ठरवायचे तर पडद्यामागे जावे. चित्रपटासाठी बांधलेल्या इमारतीत पडद्यामागे ध्वनिक्षेपक मावतील एवढीच जागा ठेवलेली असते, कारण तिचा दुसरा उपयोग नसतो. नाटकासाठी बांधलेल्या इमारतीत पडद्यामागे खोल रंगमंच असतो, दोन्ही बाजूंना विंगांसाठी मोकळी जागा असते, मागे किंवा बाजूला रंगपट असतो आणि कंपनीच्या पेट्या व गुंडाळलेले पडदे आत नेता येतील असे एक रुंद दार मागच्या बोळात उघडते. हे दार पुढे बहुतेक ठिकाणी बुजवले जाते. त्याची चौकट भिंतीत सापडली, तर नाट्यगृह असल्याचा तो उत्तम पुरावा होय.

संगीत नाटकांच्या काळात देखावे म्हणजे मुख्यतः रंगवलेले पडदे असत. रस्ता, जंगल, राजवाडा, बाग असे ठरलेले पडदे कंपनी बरोबर घेऊन फिरे. पडदा सपाट वर उचलून घ्यायचा तर रंगमंचाच्या वर त्याच्या उंचीइतकीच मोकळी जागा आणखी लागते आणि इमारतीच्या मागच्या भागाला उंच मनोरा काढावा लागतो. गावोगावच्या थिएटरांत एवढी उंची नसे, म्हणून पडदे लाकडी रुळावर गुंडाळत वर नेले जात. रंगमंचावरच्या आडव्या तुळयांत कप्प्यांच्या कड्या, दोरीने घासून पडलेल्या खाचा आणि बाजूच्या भिंतीवर दोऱ्या बांधायच्या खुंट्या शोधाव्यात. दोन कड्यांमधील अंतर मोजले की पडदे किती होते आणि एकामागे एक किती अंतरावर टांगले जात, याचा अंदाज बांधता येतो. रंगमंचाची जमीन लाकडी असल्यास तिच्यावर चौकोनी फळ्यांचा जोड दिसतो का ते पाहावे. पात्र अचानक प्रकट किंवा गुप्त करण्यासाठीचे ते दार असू शकते.

रंगमंचाच्या पायथ्याशी ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या साथीदारांची जागा असे. गायक नटाची नजर आणि साथीदाराची नजर एकमेकांना भिडणे हे संगीत नाटकाचे मर्म आहे, आणि म्हणूनच ही जागा प्रेक्षकांकडे न वळता रंगमंचाकडे वळलेली असते. पुढे तेथे खुर्च्यांची एक रांग वाढवली जाते. पहिल्या रांगेखालची फरशी वेगळी असेल किंवा तेथे जमीन थोडी खचलेली असेल, तर या बदलाची शक्यता नोंदवावी.

नंतर जिने मोजावेत. जुन्या थिएटरांत पिटातील म्हणजे खालच्या स्वस्त जागेतील प्रेक्षक, खुर्च्यांवरचे प्रेक्षक आणि वरच्या गॅलरीतील प्रेक्षक एका दाराने आत येत नसत; स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी जागा आणि पुष्कळदा वेगळा जिनाही असे. नाटकाच्या जाहिरातीतील तिकिटांच्या दरांची उतरंड आणि इमारतीतील दारांची संख्या जुळवून पाहिली तर त्या काळच्या समाजाचा एक आडवा छेदच हाती येतो. ‘संगीत शारदा’ हे १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले गोविंद बल्लाळ देवलांचे नाटक पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या चालीवर बेतलेले होते. रंगमंचावर शारदेचे काम पुरुष नट करीत आणि ते पाहणाऱ्या स्त्रिया वेगळ्या जिन्याने येऊन वेगळ्या जागी बसत, ही गोष्ट इमारतीच्या आराखड्यातून जितकी स्पष्ट होते तितकी लेखी वर्णनातून होत नाही.

चित्रपटाच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. मागच्या बाजूला, बहुधा बाल्कनीच्या पातळीवर, विटांची बंद खोली आणि तिच्या पुढच्या भिंतीत लहान चौकोनी झरोके असतील, तर ती प्रक्षेपणाची खोली होय. जुनी नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असल्याने झरोक्यांवर आग लागताच खाली पडणारी लोखंडी झाकणे बसवीत, आणि कार्बनच्या कांड्यांच्या ज्योतीचा धूर बाहेर काढण्यासाठी छतातून धुराडे नेत. प्रदर्शनाच्या जागेला परवाना आणि सुरक्षिततेच्या अटी लागू करणारा सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा आहे. खोलीची भिंत मूळ भिंतीत गुंफलेली आहे की नुसती चिकटवलेली आहे, हे सांध्यावरून कळते, आणि त्यावरून नाटकाचे सिनेमात रूपांतर झाल्याचे सांगता येते. १९३१ मध्ये बोलपट आले, तेव्हा आणखी एक थर चढला: भिंतींवर आवाज शोषणारे फलक, पडद्यामागे ध्वनिक्षेपक, आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपले काम नाशकात हलवले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी येथेच उभी राहिली. चित्रपट तयार करणाऱ्या या गावात नाटकाची थिएटरे चित्रपटाकडे केव्हा आणि का वळली, हा विषय स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेचा आहे.

मापे

मोजमापासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. तीस मीटरची फीत, ओळंबा, गुण्या, मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि एक जोडीदार पुरे. लेसरचे अंतरमापक असल्यास उंची मोजणे सोपे जाते. मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि मोजणी दिवसा, खेळ नसताना करावी. बंद पडलेल्या इमारतीत लाकडी बाल्कनीवर किंवा तक्तपोशीवर म्हणजे फळ्यांच्या छतावर पाय टाकण्यापूर्वी खालून बॅटरी मारून तुळयांची टोके पाहावीत, कारण वाळवी आणि ओल भिंतीत गेलेल्या टोकापासून सुरुवात करतात.

सभागृहाची लांबी व रुंदी घेतल्यावर दोन्ही कर्ण न विसरता मोजावेत. कर्ण समान आले नाहीत तर खोली काटकोनात नाही, आणि जुन्या गावठाणातील जागेत ती बहुधा नसतेच. मग रंगमंचाची उंची, खोली, दर्शनी कमानीची रुंदी व उंची, दोन्ही विंगांची जागा, बाल्कनीचा पुढे आलेला भाग आणि जमिनीचा उतार घ्यावा. उतारासाठी पाण्याची नळी सर्वांत विश्वासू: तिचे एक टोक रंगमंचाच्या कडेला आणि दुसरे शेवटच्या रांगेला धरले की पातळीतला फरक सेंटिमीटरमध्ये कळतो. मूळ जमीन सपाट असून नंतर सिनेमासाठी उतार केला असेल, तर कडेच्या दारांचे उंबरठे आणि आतली जमीन यांचा मेळ बसत नाही. आराखडा १:१०० या प्रमाणात काढावा आणि त्याबरोबर निदान एक उभा छेद काढावा. नाट्यगृहाच्या बाबतीत छेद हा आराखड्यापेक्षा अधिक बोलतो, कारण कोणाला काय दिसत होते ते छेदातच कळते. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटर उंचीवर असतो असे धरून प्रत्येक रांगेतून रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत रेषा ओढावी. ज्या रांगांची रेषा पुढच्या डोक्यांत अडते, त्या स्वस्त तिकिटांच्या होत्या असे पुष्कळदा आढळेल.

आवाज

जुन्या थिएटरात जाऊन टाळी वाजवायची आणि घुमणारा आवाज ऐकून ‘येथले ध्वनिशास्त्र वाईट’ किंवा ‘वा, काय गुंजते’ असे म्हणायचे, ही सवय सोडावी. रिकामे सभागृह आणि भरलेले सभागृह ही आवाजाच्या दृष्टीने दोन वेगळी सभागृहे असतात.

हिशेब सोपा आहे. आवाज विरण्यास लागणारा वेळ सेकंदांत काढायचा तर सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. हे सूत्र वॉलेस सॅबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. शोषणाचे एकक म्हणजे एक चौरस मीटरची उघडी खिडकी, जिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. समजा, सभागृह २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी ७ मीटर उंच आहे. घनफळ १,६८० घनमीटर झाले आणि ०.१६१ ने गुणल्यावर सुमारे २७० आले. भिंती, छत व लाकूडकाम मिळून शोषण ९० एकके असेल, तर रिकाम्या सभागृहात आवाज विरायला तीन सेकंद लागतील आणि गद्य संवाद एकमेकांत मिसळून जातील. त्याच सभागृहात ४०० प्रेक्षक बसले आणि प्रत्येकाने सरासरी ०.४५ एककाची भर घातली, तर शोषण २७० होते आणि वेळ एका सेकंदावर येतो. बोलण्यासाठी तो चांगला आणि गाण्यासाठी थोडा कोरडा असतो.

म्हणजे संगीत नाटकाच्या थिएटरात प्रेक्षक हाच आवाज आवरणारा मुख्य घटक होता, आणि उघडी दारे-खिडक्या हा दुसरा. सिनेमासाठी बुजवलेल्या खिडक्यांचे क्षेत्रफळ हिशेबात धरले नाही, तर जुन्या काळच्या आवाजाबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष फसवा ठरतो. पत्र्याच्या छताखाली लाकडी तक्तपोशी आहे का, हेही पाहावे. ती असेल तर मंद्र स्वर काही प्रमाणात शोषले जातात, शिवाय पावसाचा आवाजही कमी होतो. तुलनेसाठी महाकवी कालिदास कलामंदिरात किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग पाहावा आणि एकाच प्रयोगाच्या मध्यंतरापूर्वी पुढे व नंतर मागे बसून ऐकावे. ध्वनिवर्धकाच्या काळातील सभागृह कानाला वेगळे का लागते, ते अशा ऐकण्यातूनच कळते.

कागद

इमारतीने विचारलेले प्रश्न घेऊन प्रथम नगर भूमापन कार्यालयात जावे आणि मिळकत पत्रिका काढावी. लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिच्यावर क्षेत्र, धारकाचे नाव आणि फेरफारांच्या नोंदी असतात. त्या नोंदींतील वर्षे वर सांगितलेल्या तक्त्यात भरावीत. विक्री, गहाण किंवा दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूचीत शोधता येतात. नाशिक नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यामुळे बांधकाम परवानगी आणि घरपट्टी आकारणीच्या जुन्या नोंदवह्या आजच्या महापालिकेकडे मागाव्या लागतात. तोंडी विनंतीला दाद मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्क भरून करता येतो. अर्जात ‘थिएटरची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. भूमापन क्रमांक, नोंदवहीचे नाव आणि वर्षांची मर्यादा स्पष्ट लिहिली की उत्तर टाळणे अवघड होते. घरपट्टीची नोंदवही दिसायला रुक्ष, पण कामाची असते. एखाद्या वर्षी आकारणी एकदम वाढलेली दिसली, तर त्याच्या आसपास इमारतीत मजला, बाल्कनी किंवा पत्र्याचे नवे छत आले असण्याचा संभव असतो, आणि ते लगेच भिंतीवर पडताळून पाहता येते.

नाटकावर सरकारची नजर होती, याचाही अभ्यासकाला फायदाच होतो. १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा, १९२३ चा मुंबई प्रांताचा करमणूक कर आणि नंतरचे पोलीस व चित्रपटगृह परवान्यांचे नियम यांमुळे कागद निर्माण होत राहिले. परवान्याच्या फाइलीत आसनसंख्या, बाहेर पडण्याची दारे आणि बहुधा नकाशाही असतो. जॅक्सन प्रकरणाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. गुन्ह्याच्या जागेचे वर्णन साक्षीदारांना करावेच लागते, म्हणून अशा खटल्याची कागदपत्रे स्थापत्याच्या नजरेने वाचावीत: कोण कोणत्या दाराने आत आले, खुर्च्या कोठे होत्या, प्रकाश कशाचा होता. मुंबईतील राज्य पुराभिलेख संचालनालय आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ येथे उपयोगी पडतात. जुने दस्त मोडीत असल्यास वाचक शोधावा. अंदाजाने वाचू नये.

वर्तमानपत्रांसाठी १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे नाशिकमधील स्वाभाविक ठिकाण आहे. नाटकाच्या जाहिराती बातम्यांपेक्षा अधिक काळजीपूर्वक पाहाव्यात. बातमी नटाच्या गाण्याचे कौतुक करते; जाहिरात खेळाची वेळ, तिकिटांचे वर्ग आणि स्त्रियांची सोय सांगते. १८८३ चे मुंबई इलाख्याचे नाशिक गॅझेटियर त्याआधीच्या गावाचे चित्र म्हणून वाचावे. आत्मचरित्रांतील वर्णने गोड असतात, मात्र नटाला एका गावचे थिएटर दुसऱ्या गावात आठवते, हे ध्यानात ठेवावे.

माणसे

१९०९ ची रात्र पाहिलेले कोणी हयात नाही, म्हणून त्या रात्रीबद्दल वृद्धांना विचारू नये. जे विचारतात त्यांना वाचलेले किंवा ऐकलेलेच परत मिळते. त्यांना स्वतःच्या हातांना आणि पायांना ठाऊक असलेल्या गोष्टी विचाराव्यात. डोअरकीपरला दारे आठवतात, प्रक्षेपण खोलीतील ऑपरेटरला खोलीतील उकाडा आणि जिन्याच्या पायऱ्या आठवतात, बुकिंगच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला तिकिटांचे रंग आणि दर आठवतात. कोरा कागद पुढे करून ‘तुम्ही कोठून आत जात होता ते काढून दाखवा’ असे म्हटले, की दहा प्रश्नांचे काम होते. शेजारच्या चहावाल्याला आणि पानवाल्याला वगळू नये. मध्यंतराची गर्दी कोणत्या दाराने बाहेर येई हे त्यांच्या धंद्याशी बांधलेले असते. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि सांगणाऱ्याने सांगितलेले वर्ष तसेच न छापता त्याला ‘पुराच्या आधी की नंतर’, ‘तुमच्या लग्नाच्या आधी की नंतर’ असे विचारून ते बांधून घ्यावे.

लिहिताना

लेख कोठून सुरू करावा, याबाबत माझे मत ठाम आहे: गोळीबारापासून करू नये. तो प्रसंग लिहायचाच आहे आणि पुरेशा विस्ताराने लिहायचा आहे, पण त्याच्या जागी. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये झालेली जन्मठेपेची शिक्षा, अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे जाळे, लंडनहून आलेली ब्राउनिंग पिस्तुले आणि नाशिककरांचा जॅक्सन यांच्यावरील रोष हा धागा एका परिच्छेदात नीट मांडता येतो. संस्कृतचे अभ्यासक असलेले जॅक्सन काहींना ‘पंडित’ वाटत होते, हेही त्यात यावे. परंतु सुरुवात जमिनीच्या तुकड्यापासून केली, तर वाचक त्या रात्री सभागृहात शिरतो तेव्हा त्याला दारे, जिने आणि पिट आधीच माहीत झालेले असतात, आणि प्रसंग सनसनाटी न करताही जिवंत होतो.

प्रत्येक विधान कशावर उभे आहे ते वाक्यातच कळू द्यावे. ‘भिंतीच्या सांध्यावरून दिसते’, ‘आकारणीच्या नोंदीत आहे’, ‘एका माजी कर्मचाऱ्याने सांगितले’ असे साधे शब्द त्यासाठी पुरतात. तिन्ही आधार जुळत नसतील तर न जुळणेही लिहावे आणि आपला कौल कोणाकडे आहे व का, हे सांगावे. मुलाखत देणाऱ्यांची नावे त्यांनी स्वतः संमती दिल्याशिवाय छापू नयेत.

छायाचित्रांच्या ओळींकडे दुर्लक्ष होते, म्हणून शेवटी तेवढेच सांगतो. ‘थिएटरचे आतील दृश्य’ ही ओळ निरुपयोगी आहे. कोणत्या दिशेकडे तोंड करून, कोणत्या जागेवरून, कोणत्या तारखेला छायाचित्र घेतले आणि त्यात कोणता भाग मूळचा व कोणता नंतरचा आहे, हे ओळीत असावे. चौकटीत कोठेतरी मोजपट्टी दिसावी. आराखडा, छेद, तक्ता, ध्वनिमुद्रणे आणि अशी ओळींसह छायाचित्रे यांचा एक संच सार्वजनिक वाचनालयात, एक मालकाकडे आणि एक जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावा, आणि प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर मोजणीची तारीख घालावी.